ठाणे-नवी मुंबईत गेमिंगचे व्हॉइस सर्व्हर भाड्याने देणारं कोणी आहे का इथे? लायसन्स आणि रेटची मारामारी

खारेगावचा_सर्व्हरवाला | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवसा ऐरोलीला नोकरी करतो आणि रात्री जोडधंदा म्हणून गेमिंग क्लॅनना (म्हणजे एकत्र खेळणाऱ्या ग्रुपना) टीमस्पीकचे, म्हणजे खेळताना एकमेकांशी बोलायच्या ॲपचे, सर्व्हर भाड्याने देतो. लॉकडाऊनमध्ये सुरू केलं, तेव्हा सगळे घरीच, मित्रांच्या ग्रुपला करून दिला, मग त्यांच्या मित्रांना, असं करत करत आज ११ क्लॅन आहेत. भाड्याने द्यायचं म्हटल्यावर टीमस्पीकवाल्यांचं व्यावसायिक होस्टचं लायसन्स लागतं ते मी रीतसर घेतलंय, व्हीपीएस (भाड्याचं व्हर्च्युअल मशीन) मुंबईतला, ३२ स्लॉटला, म्हणजे एका वेळी ३२ जणांच्या जागेला, महिना ४५० रुपये लावतो. लायसन्स, मशीन, बॅकअप सगळं वजा करून हातात जे राहतं त्यात घरचं दूध आणि पेपरचं बिल निघतं एवढंच, पण मजा येते म्हणून करतो.

आता अडचण अशी की दोन महिन्यांपूर्वी नवी मुंबईतला एक जण याच धंद्यात उतरलाय आणि तो तेवढेच ३२ स्लॉट १५० ला देतो. माझे तीन क्लॅन गेले. त्यातल्या एकाने तर निघताना मलाच विचारलं की दादा आमचे चॅनेल आणि परमिशन तिकडे कसे न्यायचे, मी ते पण करून दिलं, काय करणार. १५० मध्ये लायसन्सचे पैसे निघूच शकत नाहीत असा माझा हिशोब आहे. मग तो करतोय काय? आणि मी काय करू, रेट पाडू, मंबलवर (तसंच दुसरं व्हॉइस ॲप) जाऊ, की गाशा गुंडाळू?

---

फुकट_फौजदार | शनिवार, रात्री ११.५२

खेळताना बोलायला डिस्कॉर्ड फुकट आहे. धागा बंद करा.

---

लोडशेडिंग | शनिवार, रात्री ११.५५

@फौजदार हसून हसून पुरेवाट. पण प्रश्न बरोबर आहे, १५० तरी का द्यायचे कोणी?

---

खारेगावचा_सर्व्हरवाला | रविवार, रात्री १२.१०

फौजदार साहेब, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो त्यामुळे उत्तर पाठ आहे. व्हॅलोरंट आणि बीजीएमआयवाली पोरं माझ्याकडे येतच नाहीत, ती डिस्कॉर्डवरच असतात आणि त्यांचं बरोबर आहे. माझ्याकडे येतात ते वेगळे. चार क्लॅन आर्मा ३ या युद्धाच्या गेमवाले आहेत, त्यात टास्क फोर्स रेडिओ नावाचा मॉड (गेमला वरून जोडायची भर) असतो, म्हणजे गेममध्ये तुमच्या हातात वॉकीटॉकी असेल तर त्या फ्रीक्वेन्सीवरच बोलणं ऐकू येणार, टेकडीआड गेलात की आवाज चरचरणार, आणि तो मॉड टीमस्पीकच्या प्लगइनवर चालतो, डिस्कॉर्डवर नाही. मग सिम रेसिंगवाले आहेत, फ्लाइट सिमवाले दोन ग्रुप आहेत. आणि जुन्या वळणाचे सीएस (काउंटर-स्ट्राइक) वाले ज्यांना व्हिस्पर लागतं, म्हणजे लीडरने एक बटण दाबलं की फक्त बाकीच्या टीमच्या लीडरना ऐकू जातं, आपल्या चॅनेलमधल्या पोरांना नाही. ही मंडळी गेली दहा-बारा वर्षं तेच वापरतायत, त्यांना दुसरं नकोय.

---

जुना_क्लॅनलीडर | रविवार, सकाळी ९.२०

काय आठवणी काढल्या राव. चहा घेऊन बसलोय, लांबण लागणार, आधीच सांगतो.

२००६-०७ ला आम्ही वाशी सेक्टर १७ मधल्या एका कॅफेत सीएस १.६ खेळायचो, तासाला वीस रुपये, एसी चालू असला तर पंचवीस. कॅफेत माईकची गरजच नसायची, बाजूच्याला कोपर मारलं की झालं, 'बी बी बी' (बॉम्ब लावायची बी जागा) असं ओरडलं की समोरची टीम पण ऐकायची आणि ती पण बी ला यायची. घरून खेळायला लागलो तेव्हा व्हॉइसचा प्रश्न आला. घरी एमटीएनएलचं ट्रायबँड, रात्रीचा अनलिमिटेड प्लॅन, त्यामुळे सगळ्या मॅचेस रात्री बारानंतर आणि आवाज खाली कारण आई-बाबा झोपलेले. व्हेंट्रिलो वापरायचो. आता गंमत बघा, व्हेंट्रिलोचा फुकट सर्व्हर फक्त आठ माणसांचा. पाच खेळणारे, एक एक्स्ट्रा, दोन नुसते ऐकणारे, संपलं. नववा आला की त्याला जागा नाही. आणि आठच्या वरचा प्रो सर्व्हर ते तुम्हाला आम्हाला द्यायचेच नाहीत, तो फक्त होस्टिंग कंपन्यांना मिळायचा, तुम्ही त्या कंपन्यांकडून भाड्याने घ्यायचा. म्हणजे मशीन तुमच्याकडे, लाइन तुमच्याकडे, तरी नववी खुर्ची टाकायची तर अमेरिकेतल्या कुणाला तरी डॉलरमध्ये पैसे द्यायचे, आणि आमच्यात क्रेडिट कार्ड एकाच्या काकाकडे होतं. त्या काकांना 'स्लॉट' म्हणजे काय हे समजवायला अर्धा रविवार गेला होता, त्यांना वाटलं आम्ही जुगार खेळतोय.

सांगायचा मुद्दा असा की स्लॉट ही चीज मशीनमध्ये नसतेच, ती लायसन्समध्ये असते. लग्नात कॅटरर कसा ताटावर पैसे घेतो, माणूस जेवला काय आणि नुसता आईस्क्रीम खाऊन गेला काय, ताट ते ताट. तसंच आहे हे. त्यामुळे होस्ट लोकांची आपसातली स्पर्धा म्हणजे सगळे एकाच आचाऱ्याकडून ताटं आणतायत आणि एकमेकांपेक्षा स्वस्त विकतायत, मग कोणीतरी ताटं न मोजता पंगत बसवणार हे ठरलेलंच.

मग २००९ च्या डिसेंबरात टीमस्पीक ३ चा बीटा आला. आवाज चांगला, परमिशन एवढ्या की डोकं गरगरावं. आणि त्यांचं ना-नफा लायसन्स होतं, फॉर्म भरला की ५१२ स्लॉट आणि दहा व्हर्च्युअल सर्व्हर (एकाच मशीनवर दहा वेगळे सर्व्हर), फुकट! आम्ही लगेच घेतलं. आता कबुली देतो, वीस वर्षांनी कोण विचारतंय, त्यातले सहा सर्व्हर आम्ही दुसऱ्या क्लॅनना 'वर्गणी' म्हणून पैसे घेऊन दिले होते. ना-नफा कसलं डोंबलाचं. पुढे त्यांनी ते लायसन्स बंदच केलं, आमच्यासारख्यांमुळेच केलं असणार. त्यामुळे तुमच्या त्या १५० वाल्यावर फार चिडू शकत नाही मी, माफ करा.

---

लोडशेडिंग | रविवार, सकाळी ९.४१

काकांचा किस्सा 😂 +१

२००९ पासून वीस वर्षं होत नाहीत पण असो.

---

पिंग_पंडित | रविवार, सकाळी ११.०५

जुना_क्लॅनलीडरच्या ताटाच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. ऑपसमध्ये (आवाज दाबून छोटा करायची पद्धत) ४० केबीपीएस धरा. आवाजाची २० मिलिसेकंदांची एक पुडी, म्हणजे सेकंदाला ५० पुड्या, प्रत्येकीवर आयपी आणि यूडीपीचं २८ बाइटचं वेष्टन, त्याचेच ११ केबीपीएस झाले. म्हणजे एक माणूस बोलतोय तर ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे साधारण ५१ केबीपीएस जाणार. ३० जणांच्या खोलीत एक जण बोलला तर सर्व्हर २९ जणांना पाठवणार, दीड एमबीपीएस. तिघं एकदम बोलले तर साडेचार. रोज चार तास सरासरी एक जण बोलतोय असं धरलं तर महिन्याचे ८० जीबी. लहानातला लहान व्हीपीएस हे झोपेत ओढतो. शंभर स्लॉटचा सर्व्हर शांत बसला असेल तर खर्च जवळजवळ शून्य, आणि आठ जणांचा सर्व्हर जिथे आठही जण कचाकचा भांडतायत तो जास्त खातो. आणि बिल मात्र स्लॉटवर.

म्हणजे १५० वाल्याला मशीनचा खर्च परवडतच असणार. प्रश्न फक्त लायसन्सचा.

जाता जाता, सर्व्हर घरी का नाही ठेवत असं कोणी विचारायच्या आत सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच लोकल फायबरवाल्यांकडे सीजीनॅट असतं, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाईकांत वाटलेला, राउटरमध्ये डब्ल्यूएएन आयपी १००.६४ पासून १००.१२७ मधला दिसला की समजायचं आपल्याला स्वतःचा पब्लिक आयपी नाही, पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, टीमस्पीकच्या ९९८७ पोर्टवर बाहेरून कोणी पोचणार नाही. माझ्या बाल्कनीतून महापे-रबाळ्याकडची डेटा सेंटरं दिसतात, देशातला एवढा डेटा त्या एमआयडीसीच्या पट्ट्यात साठवलेला आहे, आणि माझ्या केबलवाल्याकडून तिथल्याच एका मशीनला पिंग टाकला तर एके काळी सिंगापूरला वळसा घालून यायचा. ९० मिलिसेकंद. चालत गेलो असतो तर बरं पडलं असतं. आता सुधारलंय, ४ ते ६ येतो.

---

घणसोलीकर | रविवार, दुपारी १.३०

तो १५० वाला नक्की काय करतोय हे कळायला फार डोकं लावायला नको. त्याच्या एखाद्या गिऱ्हाईकाच्या सर्व्हरवर जा, टीमस्पीकमध्ये डावीकडे सगळ्यात वर सर्व्हरचं नाव असतं त्यावर एक क्लिक करा, उजवीकडे माहिती उघडते, व्हर्जन, अपटाइम वगैरे, त्यातच लायसन्स कुठलं ते लिहिलेलं असतं. होस्टचं असेल तर तसं येतं, नसेल तर नाही असं येतं. क्रॅक मारलेल्यांमध्ये (लायसन्सची तपासणी मोडून चालवलेल्या) काय वाट्टेल ते दाखवता येतं म्हणा, पण आधी बघा तरी.

आणि क्रॅक असेल तर गिऱ्हाईकांनीच सावध व्हावं. आमच्या क्लॅनचा अनुभव सांगतो. एका होस्टकडे होतो, नाव घेत नाही, आता तो या धंद्यात पण नाही. एका रविवारी संध्याकाळी आठची स्क्रिम (सराव मॅच), पावणेआठला सगळे जोडायला गेले तर क्लायंटवर मेसेज, सर्व्हर काळ्या यादीत आहे. टीमस्पीकचा क्लायंट जोडण्याआधी त्यांच्याकडच्या यादीत आयपी तपासतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. होस्टला फोन केला तर म्हणतो पाच मिनिटात दुसरा आयपी देतो. दिला. पण चॅनेल नाहीत, आयकॉन नाहीत, परमिशन नाहीत, सगळं कोरं. तीन वर्षं जमवलेला संसार. बॅकअप आहे का तर म्हणे डेटाबेसची फाईल जुन्या मशीनवर आहे आणि ते मशीन ज्याचं त्याने बंद केलंय. शेवटी व्हॉट्सॲप ग्रुप कॉलवर खेळलो आणि १६-३ ने हरलो. हरण्याचं खापर मात्र सर्व्हरवर फोडता येणार नाही, आम्ही तसेही हरलोच असतो.

---

फुकट_फौजदार | रविवार, दुपारी १.४४

बघून घ्या आणि सरळ जर्मनीला मेल टाका, टीमस्पीकच्या लायसन्स विभागाला. चोर तो चोर.

---

खारेगावचा_सर्व्हरवाला | रविवार, संध्याकाळी ६.१५

घणसोलीकर, शंभर टक्के धन्यवाद. गेलेल्या तीन क्लॅनपैकी एकाने मला अजून ॲडमिन ठेवलंय, त्याच्यावरून आत गेलो आणि बघितलं. क्रॅक नाहीये!! लायसन्सच नाहीये. टीमस्पीकचा सर्व्हर विनालायसन्स ३२ स्लॉटपर्यंत तसाच चालतो, फुकट, आपल्या आपल्यात वापरायला. हा पठ्ठ्या काय करतोय तर प्रत्येक गिऱ्हाईकाला एक वेगळं छोटं मशीन, त्यावर फुकटवाला ३२ स्लॉटचा सर्व्हर, आणि वर १५० रुपये. म्हणून तो ३२ च्या वर विकतच नाही, मला आधी कळलं नव्हतं की ५० स्लॉट मागितले तर नाही का म्हणतो.

तांत्रिकदृष्ट्या सगळं चकाचक. फक्त फुकटवाला सर्व्हर पैसे घेऊन भाड्याने द्यायचा नाही असं त्यांच्या अटीत आहे आणि हा तेच करतोय. आता मला कळत नाहीये की राग कोणाचा येतोय, त्याचा की माझा, कारण मी चार वर्षं ज्या गोष्टीचे पैसे भरले ती त्याने न भरताच लोकांना दिली आणि लोकांना काही फरक जाणवला नाही. आवाज तोच, पिंग तोच.

---

जुना_क्लॅनलीडर | रविवार, संध्याकाळी ६.३२

म्हणजे मंदिरातला फुकट प्रसाद पुड्यात बांधून बाहेर दहा रुपयाला विकतोय. हुशार आहे.

तक्रार करू नका असं माझं मत. करायचीच तर आधी त्याला एक फोन करा. ठाण्या-बेलापूरमध्ये असे धंदे करणारे पाच डोकी नाहीत, उद्या तुमचं मशीन रात्री दोनला पडलं तर त्यालाच उठवावं लागेल.

---

नेरुळची_सीए | रविवार, रात्री ८.५०

मी गेमर नाही, नवरा आहे, त्याने लिंक पाठवली. दोन गोष्टी, कारण इकडे टीमस्पीकच्या लायसन्सवर एवढी चर्चा चाललीय आणि आपल्या इथल्या कागदांचं कोणी नावच घेत नाहीये.

एक, जीएसटी. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही हे सगळ्यांना पाठ असतं. पण तुम्ही लायसन्स परदेशातून विकत घेताय आणि धंद्यासाठी घेताय. बिलावर त्यांनी आयजीएसटी लावलाय का ते बघा. नसेल लावला तर रिव्हर्स चार्जचा, म्हणजे तो कर तुम्हीच भरायचा, असा प्रश्न उभा राहतो आणि तिथे ते २० लाख मदतीला येत नाहीत. बिलं घेऊन तुमच्या सीएकडे जा, फोरमवरच्या सल्ल्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

दोन, सर्ट-इन, म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था. त्यांचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. जो व्हीपीएस पुरवतो त्याने गिऱ्हाईकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी, कशासाठी घेतलं हे सगळं पाच वर्षं जपून ठेवायचं, गिऱ्हाईक सोडून गेलं तरी. लॉग १८० दिवस. हॅक वगैरे झालं तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. तुम्ही एका मशीनवर दहा जणांना फक्त व्हॉइस सर्व्हर देताय तेव्हा तुमची भूमिका वेगळी, पण तो दुसरा गृहस्थ प्रत्येकाला अख्खं मशीन देतोय म्हणताय, तो व्हीपीएसच पुरवतोय असं कोणी म्हटलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल. १५० रुपयांत पाच वर्षांची फाईल.

---

लोडशेडिंग | रविवार, रात्री ९.०२

ताई, वहिन्यांनी पण एवढं घाबरवलं नव्हतं कधी.

---

काकू_ऑन_माईक | रविवार, रात्री ९.४०

मी इथे पाककृती वाचायला येते, पण धाग्याचं नाव वाचून थांबले कारण आमच्या घरात हाच विषय. मुलगा चौदाचा, कळव्याला शाळेत, रात्री जेवण झालं की हेडफोन. एकदा हेडफोन बिघडला म्हणून स्पीकरवर लावलं होतं आणि मी भाकऱ्या थापत होते, तर आतून अशी भाषा की मला वाटलं बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण लागलंय. निम्मी मुलं याच्याहून मोठी, एक तर नोकरी करणारा बाप्या. मी काय करावं? डिस्कॉर्डवर म्हणे वय विचारतात आता, तिथे सुरक्षित का तुमच्या या भाड्याच्या सर्व्हरवर?

---

घणसोलीकर | रविवार, रात्री ९.५८

काकू, आधी सांगतो की भाषा सगळीकडे तीच आहे, त्याला लायसन्स नाही.

डिस्कॉर्डचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनीच सांगितलं होतं की त्यांच्या एका बाहेरच्या कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असण्याची शक्यता आहे, वयाची खात्री करायला दिलेले. त्यामुळे पोराचं आधार कुठे अपलोड करण्याआधी दहादा विचार करा. दुसरीकडे, त्यांनी २०२४ पासून व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलला शेवटपासून शेवटपर्यंत एनक्रिप्शन आणायला सुरुवात केली हे मात्र चांगलंच. टीमस्पीक किंवा मंबलवर आवाज सर्व्हरपर्यंत लॉक होऊन जातो, पण सर्व्हरवाल्याच्या हातात किल्ली असते. म्हणजे सर्व्हरवाला कोण हे महत्त्वाचं. ओळखीचा असेल तर बरं.

---

खारेगावचा_सर्व्हरवाला | रविवार, रात्री १०.२०

काकू, मी कळव्याजवळच आहे. माझ्याकडे कुठलाही क्लॅन अठराच्या खालच्या पोरांना घेत असेल तर एक मोठा माणूस ॲडमिन हवा अशी अट आहे, ती मीच घातलीय कारण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतला म्हणजे मूल, आणि मला त्या भानगडीत पडायचं नाही. तुमच्या मुलाला सांगा मोठ्यांच्या चॅनेलमध्ये जायचं नाही. ऐकणार नाही, पण सांगा.

---

काकू_ऑन_माईक | रविवार, रात्री १०.२६

ॲडमिन मीच झाले तर?

---

लोडशेडिंग | रविवार, रात्री १०.२७

मेलो 😂😂 पोरगा क्लॅन सोडणार.

---

पिंग_पंडित | सोमवार, सकाळी ८.१० (ट्रान्सहार्बर लोकलमधून, टायपो माफ)

मूळ मुद्द्यावर येतो, मंबल. २००५ पासून आहे, ओपन सोर्स, बीएसडी लायसन्स. त्याचा अर्थ तुम्ही हजार स्लॉट चालवा, भाड्याने द्या, नफा कमवा, कोणाला विचारायचं नाही, कोणाला हिशोब द्यायचा नाही. स्लॉट म्हणजे कॉन्फिग फाईलमधला एक आकडा, ३२ च्या जागी ३२० लिहायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट. एवढं लिहिलं की तुमचा आणि त्या १५० वाल्याचा झगडा जागच्या जागी संपतो, कारण दोघांकडे ताटं अमर्याद.

पण मग विकणार काय? हाच खरा वांधा आहे. ताट फुकट झालं की वाढपी, जागा आणि भांडी घासणं एवढंच विकायला उरतं. बॅकअप, हल्ला झाला तर आयपी वाचवणं, रात्री दोनला फोन उचलणं. रविवारी पावणेआठला घणसोलीकरांना जे मिळालं नाही ते.

तोटे पण सांगतो. मंबलमध्ये पासवर्डऐवजी प्रमाणपत्र असतं, ते पोराच्या पीसीवर बसतं, पोराने विंडोज नव्याने टाकलं आणि प्रमाणपत्राचा बॅकअप नसेल तर तो नवा माणूस झाला, त्याचं स्वतःचंच नोंदवलेलं नाव त्याला घेता येत नाही, प्रमाणपत्र किंवा पासवर्ड चुकीचा आहे म्हणतं. महिन्याला चार फोन याचेच येणार, लिहून ठेवा. आणि तुमचे आर्मावाले हलणार नाहीत, त्यांचा रेडिओ टीमस्पीकवरच आहे. कुर्ला आलं उतरतो

---

लोडशेडिंग | सोमवार, सकाळी ८.१३

ट्रान्सहार्बरवर कुर्ला कुठून आलं 🤔

---

पिंग_पंडित | सोमवार, सकाळी ८.३१

ठाण्याला बदलली राव. प्रत्येक ओळ तपासणार का.

---

जुना_क्लॅनलीडर | सोमवार, दुपारी १२.५०

आर्मावाल्यांसाठी एक सुचवतो. टीमस्पीकची गेमर लायसन्स असतात, ६४ स्लॉटपासून पुढे, वर्षाचे पैसे. ते क्लॅनने स्वतःच्या नावावर घ्यायचं, मशीन पण त्यांच्याच खात्यावर, आणि तुम्ही फक्त देखभालीचे पैसे घ्यायचे. गाडी त्यांची, आरसी बुक त्यांचं, तुम्ही ड्रायव्हर. मग तुम्ही स्लॉट विकत नाही. पण हे चालतं का हे टीमस्पीकला लेखी विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा, माझ्यासारखी 'वर्गणी' करू नका.

---

फुकट_फौजदार | सोमवार, दुपारी १.०५

आणि त्या चोराचं काय? सगळे त्याला विसरले.

---

खारेगावचा_सर्व्हरवाला | सोमवार, रात्री ११.१५

नाही विसरलो. फोन केला. 

आधी पाच मिनिटं तो सावध, मग म्हणाला मला खरंच वाटलं ३२ पर्यंत सगळंच फुकट, पैसे मी मशीनचे घेतो ना. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोपरखैरणेला राहतो, परीक्षेच्या आठवड्यात गिऱ्हाईकांना उत्तर द्यायला वेळ नसतो म्हणून वैतागलाय. सीए ताईंचा तो पाच वर्षांच्या फाईलवाला प्रतिसाद त्याला वाचून दाखवला तर बराच वेळ लाइनवर नुसता पंख्याचा आवाज. माझ्या अर्ध्या वयाचा आहे हो. राग धरायला जागाच ठेवली नाही.

ठरलं ते असं. आर्माचे चार क्लॅन स्वतःच्या नावावर लायसन्स घेतील, मी टीमस्पीकला मेल टाकलाय, लेखी उत्तर आल्याशिवाय एक रुपया घेणार नाही, तोवर जुन्या लायसन्सवरच चालू. माझं होस्टचं लायसन्स मुदत संपली की नूतनीकरण करणार नाही. बाकी सगळे मंबलवर, ३२ असोत की ७०, एकच दर, २००. त्याचे क्लॅन पण त्याच मशीनवर येतील, तो दिवसा आणि मी रात्री, त्याच्या परीक्षेत दिवसा पण मीच. पैसे निम्मे निम्मे. हिशोब मांडला तर पूर्वीपेक्षा महिना साताठशे कमीच मिळणार मला. बायको म्हणाली मग करताय कशाला, मी म्हटलं दूध चालू राहील, पेपर बंद करू.

महापेच्या एका डेटा सेंटरमधल्या मशीनवर चाचणीचा सर्व्हर उभा केलाय, पोर्ट मंबलचा नेहमीचाच ६४७३८. पत्ता आणि पासवर्ड खासगी निरोपात पाठवतो, उद्या रात्री साडेनऊला ज्यांना जमेल त्यांनी या, जरा लोड टाकून बघू.

---

घणसोलीकर | मंगळवार, रात्री ९.३८

आलोय. १४ जण दिसतायत. पिंग ५. आवाज एकदम खणखणीत, जरा जास्तच, कोणाच्या तरी घरी फोडणी बसली ती पण ऐकू आली.

---

पिंग_पंडित | मंगळवार, रात्री ९.४४

सात जण एकदम बोलतायत, मी बघतोय, ५ एमबीपीएसला पण पोचलं नाही. मशीनला घाम नाही. कोणीतरी माईक सतत उघडा ठेवलाय, बटण दाबून बोलायचं सेटिंग लावा ओ.

---

लोडशेडिंग | मंगळवार, रात्री ९.४६

तो कुकर कोणाचा आहे? तीन झाल्या.

---

काकू_ऑन_माईक | मंगळवार, रात्री ९.४९

माझा. अजून एक होऊ दे, मग बंद करते. ते म्यूटचं बटण कुठेय?

---

खारेगावचा_सर्व्हरवाला | मंगळवार, रात्री ९.५१

काकू, वर डावीकडे माईकचं चित्र. राहू द्या, मीच ॲडमिनवरून करतो.

---

काकू_ऑन_माईक | मंगळवार, रात्री ९.५३

मला केलंत आणि त्या कोपरखैरणेच्या मुलाला? तो मघापासून चिप्स खातोय माईकवर.